नटाचे शिक्षण आणि नाट्यप्रेक्षण : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

नटाच्या शिक्षणाचा विचार करताना शिक्षण म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः केलेली कृती, असे समीकरण बहुधा गृहीत धरले जाते. आवाजाची मशागत, शरीराची सिद्धता, संहितेचे विश्लेषण, प्रवेशाची बांधणी ही सारी अंगे अभ्यासक्रमात येतात. विद्यार्थी दुसऱ्याचा प्रयोग पाहतो, ही गोष्ट मात्र फावल्या वेळेच्या खात्यात जमा होते. संगीताच्या क्षेत्रात असे कोणी मानीत नाही. गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसून ऐकण्यात घालवलेली वर्षे ही शागिर्दीचीच वर्षे समजली जातात. नटाच्या बाबतीत मात्र पाहणे हे प्रेक्षकाचे आणि करणे हे नटाचे, अशी विभागणी होऊन बसली आहे. पुण्या-मुंबईत ही विभागणी फारशी बाधत नाही, कारण तेथे विद्यार्थ्याने मुद्दाम ठरवले नाही तरी नाटक त्याच्या वाटेत येतच असते. नांदेड आणि लातूर येथे ती बाधते, आणि ती कशी बाधते हे पाहू लागले की नटशिक्षणाच्या मूळ कल्पनेकडेच परत जावे लागते.

नांदेड येथे १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. विद्यापीठाच्या ललित व प्रयोगजीवी कला संकुलात नाट्यशिक्षणाची सोय आहे. त्यापूर्वी या भागातील विद्यार्थ्याला औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभागाकडे, किंवा त्याहून मोठी उडी घ्यायची तर १९५९ साली दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाकडे जावे लागे. शिक्षणाची सोय अशी दाराशी आली. पाहण्याची सोय तिच्याबरोबर आली काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी अभिनयाच्या वर्गात सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या ग्रंथाकडेच वळणे उपयोगाचे होईल. स्तानिस्लावस्कीचा अभिनयविषयक ग्रंथ १९३६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि के. नारायण काळे यांच्या 'अभिनयसाधना'मुळे तो मराठी वाचकाच्या हाती आला. हा ग्रंथ शास्त्रग्रंथाच्या रूपात लिहिलेला नाही, याकडे दुर्लक्ष होते. ती एका नाट्यविद्यार्थ्याची रोजनिशी आहे. कोस्त्या नावाचा हा कल्पित विद्यार्थी आपल्या पहिल्या परीक्षेसाठी ऑथेल्लोची भूमिका निवडतो, खोलीचे दार लावून एकट्यानेच तालीम करतो, चेहऱ्याला चॉकलेट फासून आरशासमोर उभा राहतो, दात विचकतो, डोळे फिरवतो आणि आपल्याला भूमिका गवसली असे समजून खूष होतो. पुढे रंगमंचावर उभे राहिल्यावर समोरच्या चौकटीतली काळी पोकळी पाहून त्याचे भान सुटते. गुरूने नंतर केलेल्या चिकित्सेचा सारांश असा की या मुलाने माणूस पाहिलेला नव्हता. रानटी माणसाविषयी ऐकीव असलेली एक ढोबळ कल्पना त्याने अंगावर चढवली होती.

कोस्त्याचा निर्माता मात्र ऑथेल्लो पाहून बसलेला होता. तोम्माझो साल्विनी हा इटालियन नट १८८२ साली मॉस्कोत आला, तेव्हा स्तानिस्लावस्की एकोणीस वर्षांचा होता. साल्विनीचा ऑथेल्लो पाहून झालेला परिणाम त्याने पुढे आपल्या आत्मचरित्रात तपशिलाने सांगितला आहे. प्रयोगाच्या कितीतरी आधी हा नट नाट्यगृहात येतो, रंग चढवता चढवता मध्येच रिकाम्या रंगमंचावर जाऊन फिरून येतो, पुन्हा आरशापुढे बसतो आणि टप्प्याटप्प्याने भूमिकेत शिरतो, ही हकीकत त्या तपशिलात येते. पुढे मॉस्को आर्ट थिएटरच्या अनुभवातून जी पद्धती आकाराला आली, तिच्या मुळाशी एका तरुण प्रेक्षकाला पडलेला प्रश्न आहे: त्या माणसाने हे केले तरी कसे? पद्धती हे त्या प्रश्नाचे उत्तर होय. नांदेडच्या वर्गात हे उत्तर विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी दिले जाते. तो प्रश्न त्याला स्वतःला कधी पडलेला असतोच असे नाही. ज्याने साल्विनी पाहिला नाही, किंवा साल्विनीच्या जागी ठेवता येईल असा कोणीही नट प्रत्यक्ष पाहिला नाही, त्याला 'भावस्मृती' आणि 'दत्त परिस्थिती' या संज्ञा परीक्षेपुरत्या पाठ होतात, एवढेच.

मराठी रंगभूमीच्या पूर्वेतिहासात ही अडचण नव्हती, कारण तेव्हा शिक्षणाची संस्था आणि प्रयोगाची संस्था एकच होती. १८८० साली 'शाकुंतला'च्या प्रयोगाने उदयाला आलेली किर्लोस्कर मंडळी, १९१३ साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी, या संस्थांतून आलेला मुलगा प्रथम विंगेत उभा राहून शिकत असे. तालीममास्तराने सांगितलेले दिवसा ऐकायचे आणि तेच मोठ्या नटाने कसे केले, किंवा कसे मोडले, हे रात्री पाहायचे. गोविंद बल्लाळ देवलांसारख्या शिक्षकाचा लौकिक याच व्यवस्थेत घडला. (याच देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा 'झुंजारराव' केला, नटशिक्षणाच्या चर्चेत हे पात्र वारंवार यावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.) बोलपटांनंतर कंपन्या मोडल्या आणि ही शाळाही मोडली.

मराठवाड्याची कथा त्याहून वेगळी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू, सभासंमेलनांवर गश्ती क्रमांक ५३ सारखे निर्बंध, आणि नाटक कंपन्यांच्या मुख्य दौऱ्यांपासून पडलेले अंतर, यांमुळे कंपनीच्या विंगेतले शिक्षण येथील मुलाच्या वाट्याला फारच थोडे आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला, तेव्हा राज्य नाट्यस्पर्धा सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. म्हणजे आधुनिक मराठी नाटकाशी येथील हौशी नटाची ओळख झाली ती बव्हंशी स्पर्धेच्या मार्गाने. या आरंभाची खूण आजही पुसलेली नाही.

आज नांदेड-लातूरचा विद्यार्थी जिवंत नाटक कोठे पाहतो? व्यावसायिक नाटकांचे दौरे नांदेडच्या शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहात किंवा लातूरच्या दयानंद सभागृहात येतात. परंतु ते तुरळक, आणि तिकिटाचा दर विद्यार्थ्याच्या खिशाला न पेलणारा. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात ३० मिनिटांची एकांकिका, १० मिनिटांचे प्रहसन आणि ५ मिनिटांचा मूकाभिनय यांची एकापाठोपाठ एक रांग लागते. ते पाहणे उत्साहाचे असते, पण पाहणारा बहुधा स्वतःच्या प्रवेशाची वाट पाहत असतो. उरते ती राज्य नाट्यस्पर्धा. नांदेड हे प्राथमिक फेरीचे केंद्र असल्यामुळे ओळीने काही दिवस रोज एक पूर्ण लांबीचे नाटक पाहायला मिळते. या परिसरातील अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत वर्षातले सलग नाट्यप्रेक्षण काय ते तेवढेच.

या स्पर्धेतील प्रयोगांना 'हौशी' म्हणून बाजूला सारण्याची रीत आहे. ती रीत विद्यार्थ्याच्या दृष्टीने अन्यायाची आहे. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, कचेरीतील कारकून, औषधाच्या दुकानाचा मालक अशी माणसे तेथे राजा, खुनी किंवा म्हातारा बाप होऊन उभी राहतात. मोठ्या शहरातल्या प्रेक्षकाला नट फक्त नट म्हणूनच दिसतो. त्याचे रस्त्यावरचे चालणे त्याने पाहिलेले नसते, आणि पाहिले तरी ते एका प्रसिद्ध माणसाचे सावध चालणे असते. नांदेडच्या विद्यार्थ्याला मात्र माणूस आणि भूमिका दोन्ही ठाऊक असतात. सकाळी शाळेच्या फाटकाशी सायकल लावताना किंचित डाव्या खांद्याकडे झुकणारा शिक्षक रात्री सेनापती झाला, तेव्हा तो झुकाव कोठे गेला? तो लपवला, की वापरला, की वेशाच्या वजनाखाली आपोआप नाहीसा झाला? आहार्य अभिनय आंगिक अभिनयाला कसा बदलतो, हे यापेक्षा स्पष्टपणे दुसरीकडे कोठे दिसणार? साल्विनी रंग चढवता चढवता ज्या अंतरातून जात होता, ते अंतर येथे दोन्ही टोकांकडून मोजता येते. ही संधी लहान गावाचीच आहे. ती हेरावी असे विद्यार्थ्याला सांगितले जात नाही.

त्याला नकळत शिकवले जाते ते निराळेच. स्पर्धेच्या प्रेक्षागृहात बसलेला विद्यार्थी पहिल्या अंकानंतर निकालाचा अंदाज बांधू लागतो. कोणत्या नटाला पारितोषिक मिळेल, नेपथ्याचे गुण कोणाकडे जातील, गेल्या वर्षी या परीक्षकांनी काय उचलून धरले होते, अशी चर्चा मध्यंतरात चालते. या दृष्टीला नाटकातील 'जागा' तेवढ्या दिसतात. नाटक दिसत नाही. रडण्याची जागा, ओरडण्याची जागा, तांबड्या प्रकाशात गोठून उभे राहण्याची जागा. मग स्वतः भूमिका करताना तो त्या जागा शोधतो आणि मधल्या जमिनीवर काही पेरीतच नाही. स्पर्धेतील अभिनय वरच्या पट्टीत चढलेला असतो, अशी जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे मूळ नटाच्या अंगी नसून त्याच्या पाहण्यात आहे. परीक्षकाच्या डोळ्यांनी पाहायला शिकलेला मुलगा परीक्षकासाठीच अभिनय करणार.

भरताला परीक्षक ठाऊक नव्हते असे नाही. 'नाट्यशास्त्रा'च्या २७ व्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना त्याने दहा प्राश्निक सांगितले आहेत. त्यांत यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोवेत्ता आणि शब्दवेत्ता आहेत. तसेच राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवकही आहेत. यादी प्रथमदर्शनी विचित्र वाटते. तिच्यामागची कल्पना मात्र मोठी मार्मिक आहे. ज्याला जे जगण्यातून ठाऊक, त्याने तेवढेच तपासावे. बाण सोडणाऱ्या पात्राची ढब धनुर्धराने पाहावी, ऐश्वर्याचा अभिनय राजाने पाहावा, आणि सेवकाचा उपचार बरोबर झाला की नाही हे सेवकाने सांगावे. अभिनयाचे प्रमाण लोकव्यवहारात शोधणारी ही दृष्टी आहे. नाट्याच्या बाबतीत लोक हेच अखेरचे प्रमाण होय, असे भरत अन्यत्र सांगतो, त्याच्याशी ती सुसंगतच आहे. या न्यायाने लातूरच्या स्पर्धेत आडत-दुकानदाराची भूमिका पाहण्यास लातूरच्या बाजारातील हमाल हा अधिकारी प्राश्निक ठरेल. तो प्रेक्षागृहात येत नाही, ही गोष्ट नाट्यविभागांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

याच अध्यायात सिद्धीचे दैवी आणि मानुषी असे दोन प्रकार येतात. मानुषी सिद्धी प्रेक्षकाच्या तोंडून आणि देहातून प्रकट होते: स्मित, हसू, मोठे हसू, 'साधु'चे उद्गार, हळहळ, अंगावरचे रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्र किंवा अंगठी काढून देणे. दैवी सिद्धीत मात्र गलका नसतो, चलबिचल नसते, आणि प्रेक्षागृह भरलेले असते. नांदेडच्या विद्यार्थ्याला या दोन्ही सिद्धी एकाच जिल्ह्यात पाहता येतात. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा बाजार असलेल्या या यात्रेत तमाशाचे फड उतरतात. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमाने चालणाऱ्या प्रयोगात प्रेक्षकाची दाद कोठे येते आणि सोंगाड्या ती कशी झेलतो, हे पाहणाऱ्याला मानुषी सिद्धीचा परिच्छेद टीकेवाचून समजतो. दौलतजादा देणारा हात आणि अंगठी काढून देणारा हात यांच्यात दीड-दोन हजार वर्षांचे अंतर असले तरी जात एकच आहे. नाट्यप्रयोगातील विघ्ने सांगताना भरताने वारा, पाऊस, साप, मुंग्या यांचा उल्लेख केला आहे. वातानुकूलित प्रेक्षागृहात बसून वाचणाऱ्याला तो गमतीचा वाटतो, माळेगावच्या तंबूत बसलेल्याला वाटत नाही.

आणि प्रेक्षागृहातली शांतता? ती दैवी सिद्धीची शांतता आहे, की परीक्षकाच्या धाकाची, की निव्वळ कंटाळ्याची, हे ओळखता येणे हे नटाच्या कानाचे खरे शिक्षण. ते केवळ वाचनाने होत नाही. अनेक प्रकारच्या शांततांतून बसून आलेल्यालाच त्यांतला भेद कळतो.

नरहर कुरुंदकरांनी (१९३२-१९८२) नाट्यशास्त्राचा जो विचार केला, तो नांदेडात राहून केला. पीपल्स कॉलेजच्या प्राचार्यपदाच्या काळातही हा विषय त्यांनी सोडला नाही, आणि 'रंगशाळा' या ग्रंथातून त्यांची नाट्यविषयक दृष्टी वाचकांपुढे आली. त्यांच्या नावाचा अभिमान या परिसरात मोठा आहे, आणि तो रास्तच आहे. परंतु त्यांच्या गावातल्या नाट्यविद्यार्थ्याने शिराची १३ कर्मे आणि दृष्टीचे ३६ प्रकार पाठ करावेत आणि तीस-चाळीस मैलांवरच्या यात्रेतली गवळण 'अभ्यासक्रमाबाहेरची' म्हणून सोडून द्यावी, हे विसंगत आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, आणि तो हलका नाही. तमाशा पाहा, भारूड पाहा, असे सांगणे सोपे असते. पण कोणाला सांगायचे? तमाशाचा फड पिढ्यान्‌पिढ्या ज्या जातींनी चालवला, त्या जातींतला मुलगा आज वर्गात बसलेला आहे. सवर्ण सहाध्यायाला जो 'लोककलेचा नमुना' वाटतो, तो त्याच्या घरातला लपवलेला भूतकाळ असू शकतो. आंबेडकरी चळवळीने फडाकडे संशयाने पाहिले, त्याच्या रचनेतून जलसा घडवला आणि गवळणीच्या जागी प्रबोधन आणले, हे काही रसिकतेच्या अभावातून घडले नाही. स्त्रीच्या देहावर चाललेल्या व्यवहारातून आणि जातीच्या हिणवणुकीतून बाहेर पडण्याची ती धडपड होती. तेव्हा या विद्यार्थ्याला 'तुझ्या परंपरेकडे परत जा' असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याने ती परंपरा तंबूबाहेर उभे राहून पाहिली, रागाने पाहिली, तरी ते पाहणे अभ्यासाचेच असेल. किंबहुना रागाने पाहणाऱ्याला सोंगाड्याच्या विनोदातली लाचारी आणि बंडखोरी या दोहोंमधली सीमारेषा अधिक लवकर दिसेल.

विद्यार्थिनीचा प्रश्न याहून अवघड आहे. मुलींनी नाट्यशिक्षण घ्यावे इथपर्यंत मराठवाड्यातली अनेक घरे आली आहेत. रात्री साडेनऊला सुरू होणारा प्रयोग एकटीने पाहून वसतिगृहावर परतणे, मग ती स्पर्धा असो की दौऱ्यावर आलेले नाटक, हे मात्र अजून सहज घडत नाही. यात्रेतल्या फडाची तर गोष्टच नको. परिणामी एकाच वर्गातील मुलगा आणि मुलगी वेगवेगळ्या तयारीने तालमीला उभी राहतात. मुलाने निदान पाच-पंचवीस प्रयोग पाहिलेले असतात. मुलीने पाहिलेले असते ते तिच्या स्वतःच्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन आणि चित्रपट. तिच्या अभिनयात चित्रपटाची छाप दिसते म्हणून तिला बोल लावणारे परीक्षक तिने दुसरे काय पाहावे, हे सांगत नाहीत. विभागाने विद्यार्थ्यांना एकत्र घेऊन प्रयोगाला नेणे हा अभ्यासक्रमाचा भाग मानला, गुणांसह मानला, तर या विषमतेचा निदान काही अंश कमी होईल.

चित्रपटाचा आणि मोबाइलच्या पडद्यावर मिळणाऱ्या नाट्यमुद्रणांचा उल्लेख आलाच आहे. दूरच्या विद्यार्थ्याला गाजलेली नाटके घरबसल्या पाहता येतात, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यात एक गोष्ट हटकून हरवते. कॅमेरा बोलणाऱ्या नटाकडे पाहतो. न बोलणारा नट चौकटीबाहेर राहतो. प्रत्यक्ष प्रयोगात कोणाकडे पाहायचे हे प्रेक्षक ठरवतो, आणि अभ्यासू प्रेक्षकाने पाहण्यासारखा नट तो, जो त्या क्षणी गप्प आहे. दुसऱ्याचे वाक्य तो खरोखर ऐकतो की आपल्या वाक्याची वाट पाहत उभा आहे, हे कळले की संवादाभिनयाचे अर्धे मर्म हाती येते. मुद्रित नाटके पाहून तयार झालेला विद्यार्थी बोलतो चांगला, ऐकत नाही, हा अनुभव वर्गातून नवा नाही.

बोलण्याचा विषय निघाला की बोलीचा प्रश्न येतोच. नाट्यवर्गात आलेल्या मुलाच्या तोंडची नांदेडची, लातूरची, कंधारची किंवा उदगीरची मराठी पहिल्या सत्रातच 'शुद्ध' करण्यास घेतली जाते. तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू यांच्या शेजारात वाढलेली तिची लय, शेवटचे अक्षर लांबवण्याची तिची तऱ्हा, ही वाचिक अभिनयातील दोषांच्या यादीत जाते. प्रमाणभाषेचे उच्चार नटाला आलेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो बोली पुसून प्रमाणभाषा आणायची की बोलीच्या शेजारी ती ठेवायची, हा. भरताने पात्रागणिक आणि देशागणिक भाषांची व्यवस्था लावली. त्याला एका भाषेचा नट अभिप्रेत नव्हता.

याचे उत्तर मराठवाड्यातल्याच एका नाट्यशिक्षकाने रंगमंचावर देऊन ठेवले आहे. औरंगाबादच्या नाट्यशास्त्र विभागात अध्यापन करणारे लक्ष्मण देशपांडे (१९४३-२००९) यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात ५२ पात्रे उभी केली. शीर्षकातल्या शब्दामुळे पुष्कळांना हा विदर्भातला प्रयोग वाटतो. येथे वऱ्हाड म्हणजे लग्नाची मंडळी, आणि ती मंडळी मराठवाड्याच्या खेड्यातली आहे. या प्रयोगाकडे विनोदी करमणूक म्हणून पाहिले गेले आणि अभिनयशास्त्राच्या चर्चेतून तो निसटला, ही समीक्षेची चूक आहे. वेशबदल नाही, सहनट नाही. अशा स्थितीत म्हातारी, पोरगा, पाटील, नवरदेव यांच्यातला भेद दिसतो तो स्वराच्या उंचीतून, शब्द अर्धा सोडण्याच्या लकबीतून, मान वळवण्याच्या वेगातून. हा भेद वर्गात शिकवता येत नाही. तो कोणीतरी ओसरीवर, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत वर्षानुवर्षे पाहिलेला असावा लागतो. बोलीतल्या बोलीत किती थर असतात, हे दाखवणारा हा प्रयोग बोलीला दोष ठरवणाऱ्या वर्गात अभ्यासाला लावण्यासारखा आहे.

वामन केंद्रे यांचे उदाहरण दुसऱ्या दिशेने बोलके आहे. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या केंद्रे यांच्या घरात भारुडाची परंपरा होती; वडील भारूड करीत. पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे रीतसर शिक्षण झाले. १९८७ सालच्या 'झुलवा'त, उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवरून उभ्या राहिलेल्या जोगतिणींच्या त्या नाटकात, दिल्लीचे शिक्षण दिसते आणि त्याआधीचे पाहणेही दिसते. २०१३ ते २०१८ या काळात ते त्याच विद्यालयाचे संचालक होते. खेड्यात रात्री जागून पाहिलेले भारूड नाट्यशिक्षणाच्या आड आले नाही, हे सिद्ध करण्यास याहून जवळचा पुरावा शोधावा लागणार नाही. मात्र हा पुरावा एका असामान्य विद्यार्थ्याचा आहे, हेही सांगितले पाहिजे. ज्याला स्वतःलाच दोन्ही टोके सांधता आली, त्याच्यावरून शिक्षणव्यवस्थेला गुण देता येत नाहीत.

श्रीराम लागूंनी आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' हे नाव दिले. इकडचा माल तिकडे वाहून नेणारा तो लमाण, आणि नट हाही तसाच, ही त्यामागची कल्पना. नांदेड जिल्ह्यात, जेथे लमाणांचे तांडे आजही आहेत, हे रूपक जरा वेगळे ऐकू येते. वाहून न्यायचे, पण कोठून? येथील विद्यार्थी बहुधा पुण्या-मुंबईत तयार झालेला माल नांदेडात आणतो: तेथली संहिता, तेथली पद्धत, तेथल्या नटाची मुद्रणातून उचललेली लकब. उलट दिशेची वाहतूक फार थोडी आहे.

ज्या मालाची वाहतूक व्हायला हवी, त्याचे एक उदाहरण नांदेडच्याच नाटककाराच्या लेखनात आहे. दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा' हे १९८० च्या दशकातले नाटक दलित चळवळीतील पिढ्यांचा संघर्ष एका घराच्या बैठकीत आणते. प्राध्यापक सतीश, त्याची ब्राह्मण पत्नी हेमा, आक्रमक तरुण अर्जुन, आणि आंबेडकरी विचारात आयुष्य घातलेले जुन्या पिढीतले काका. या नाटकात घडते ते मुख्यतः बोलण्यातून, आणि म्हणून ऐकण्यातून. अर्जुन बोलत असताना काका काय करतात, यावर त्या प्रवेशाचे वजन ठरते. महाविद्यालयीन प्रयोगांत काकांच्या भूमिकेतला तरुण बहुधा पाठ वाकवतो, आवाज कापरा करतो आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतो. कोस्त्याच्या चॉकलेटचीच ही दुसरी तऱ्हा.

वस्तुतः काका पाहण्यासाठी नांदेडच्या विद्यार्थ्याला फार लांब जावे लागत नव्हते. १४ एप्रिलच्या सभेत पुढच्या रांगेत, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात बसणारी ती पिढी नांदेडात होती, लातूरात होती. त्यांची पाठ वाकलेली नव्हती. उलट सभेत ती जरा जास्तच ताठ असे, आणि वक्ता चुकला तर मान न हलवता नुसती नजर खाली जाई. ज्यांनी बाबासाहेबांना प्रत्यक्ष ऐकले, ती माणसे आता नव्वदीच्या पुढे गेलेली, अगदी मोजकी राहिली आहेत. त्यांच्या मुलाखती मुद्रित करून ठेवण्याचे काम काही ठिकाणी झाले आहे, आणि ते मोलाचे आहे. त्या मुद्रणांत त्यांचे बोलणे आहे. दुसरा बोलत असताना ती माणसे कशी बसत, हे पाहायचे तर विद्यार्थ्याला याच एक-दोन वर्षांत त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे लागेल.